घोणस : पळून न जाणारा साप, ओळख, सवयी आणि दंश झाल्यावर काय करावे

नाशिक : पाऊस सुरू झाला, रात्रपाळीची लाईट आली, मोटार चालू करायला शेतकरी बॅटरी न घेताच निघाला. पायात स्लीपर, वाट रोजचीच. बांधाच्या कडेला गवतातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो आणि थांबतच नाही. हा आवाज ज्याला ओळखता आला तो दोन पावलं मागे सरतो आणि वाचतो. ज्याला ओळखता आला नाही त्याचा पाय नेमका तिथेच पडतो.

हा आवाज घोणसचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. चारही नाशिक जिल्ह्यात आहेत. त्यातल्या घोणसची एक गोष्ट शेतकऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. माणसाची चाहूल लागली की बहुतेक साप निघून जातात. घोणस जात नाही. ती जागेवर वेटोळं करून बसून राहते. तिच्या दंशाच्या निम्म्या गोष्टी या एका सवयीतून समजतात.

ओळख कशी पटवायची

घोणस जाड अंगाची आणि आखूड शेपटीची असते. पूर्ण वाढलेली घोणस साधारण चार फूट भरते, काही साडेपाच फुटांपर्यंतही जातात. लांबीच्या मानाने अंग फार जाड, म्हणून सुस्तावलेली वाटते. रंग पिवळसर तपकिरी, वाळलेल्या गवतासारखा किंवा मातीसारखा. पाठीवर गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, एक मधोमध आणि दोन बाजूंना. प्रत्येक ठिपका आत गडद तपकिरी, त्याला काळी कडा आणि त्याबाहेर बारीक पांढरट रेघ. मधल्या रांगेतले ठिपके बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेले दिसतात, साखळीच्या कड्या असाव्यात तसे. साखळी दिसली की घोणस, ही सगळ्यात सोपी खूण.

डोकं चपटं, त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं उठून दिसतं. नाकपुड्या मोठ्या असतात. डोक्यावर मोठे खवले नसून बारीक खरखरीत खवले असतात. डोळ्याची बाहुली उभी असते, पण ती बघायला जवळ जाण्याची गरज नाही. विषाचे दात लांब असतात, दीड सेंटीमीटरच्या आसपास. तोंड मिटलेलं असताना ते आत दुमडून राहतात आणि चावताना पुढे उभे होतात. दात लांब असल्यामुळे पातळ कापड किंवा स्लीपर त्यांच्यापुढे काहीच नाही.

ज्या गल्लतीने जीव जातो

घोणस ओळखायला चुकल्यामुळे होणारे अपघात वेगळ्या तऱ्हेचे असतात. इथे माणूस न बघता पाय देत नाही, स्वतःहून साप हातात घेतो.

पहिली गल्लत अजगराच्या पिलाशी. जाड अंग, ठिपके आणि संथ चाल बघून पोरं म्हणतात, अजगराचं पिल्लू आहे. अजगराच्या अंगावरचे चट्टे मोठे आणि वेडेवाकडे असतात, एकासारखा दुसरा नसतो. घोणसचे ठिपके एका मापाचे आणि रांगेत असतात.

दुसरी गल्लत नावातच आहे. दुरक्या घोणस नावाचा एक बिनविषारी साप आपल्याकडे आढळतो, तो मांडुळाच्या जातकुळीतला. त्याच्याही पाठीवर गडद चट्टे असतात, पण ते नागमोडी आणि एकात एक मिसळलेले. डोकं मानेपासून वेगळं दिसत नाही, डोळे बारीक आणि शेपूट आखूड, निमुळतं. नाव सारखं, ठिपके जवळपास सारखे, म्हणून 'ही काही करत नाही' असं म्हणत खरी घोणस हातात घेतल्याचे प्रकार घडतात.

तिसरी गल्लत फुरशाशी. फुरसे बरंच लहान, फूट-दीड फुटाचं असतं आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं. घोणसचा आवाज फुफ्फुसातल्या हवेचा, नाकपुड्यांतून जोरात येणारा. घोणसचं पिल्लू आणि फुरसे यांत घोळ झाला तरी फार बिघडत नाही, दोन्ही विषारी आणि दवाखान्यातली लस एकच. अजगर समजून घोणस उचलली तर मात्र त्याला माफी नाही.

नाव कुठून आलं

मराठीत घोणस, काही भागांत परड. शास्त्रात तिचं नाव 'दबोया रसेली' आहे. त्यातला दबोया हा शब्द आपल्याच मुलखातला, दबून किंवा दबा धरून बसणारा अशा अर्थाच्या हिंदी शब्दावरून घेतलेला. रसेल हे नाव पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा अभ्यास केला आणि १७९६ मध्ये भारतीय सापांवर सचित्र ग्रंथ छापला. कुठला साप विषारी आणि कुठला बिनविषारी हे लोकांना ओळखता यावं, हाही त्या खटाटोपामागचा हेतू होता. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, या सापाला रसेल यांच्यावरून शास्त्रीय नाव मिळालं.

आपल्याकडे नागाला देव मानतात, नागपंचमीला पुजतात. सुरगाणा, पेठ भागात वाघदेवाच्या ठाण्यावर वाघासोबत नागही कोरलेला दिसतो. घोणसच्या वाट्याला असा मान आला नाही. फणा नाही, डौल नाही, म्हणून ती लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. शेतात मात्र माणसाची गाठ तिच्याशी जास्त पडते.

नाशिकमध्ये ती कुठे राहते

घोणस मुळात मोकळ्या रानाची. गवताळ माळ, झुडपांचं रान, जंगलाची कड, दगडांच्या कपारी, वाळवीची वारुळं आणि उंदरांची बिळं या तिच्या जागा. सतत ओल्या, गर्द जंगलात ती कमी आढळते. म्हणून इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या घाटातल्या दाट झाडीपेक्षा त्याच तालुक्यांतल्या भातखाचरांच्या कडेला आणि गवताच्या माळावर ती जास्त भेटते. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या कमी पावसाच्या पट्ट्यात माळरान आणि शेती शेजारी शेजारी आहे, तिथे तर तिचं घरच.

जंगलाच्या कडेचा हा साप शेतात आला कसा, याचं उत्तर सोपं आहे. तो आला नाही, शेत त्याच्याकडे गेलं. माळ फुटले, गवताची जागा मका, सोयाबीन, कांदा आणि ऊसाने घेतली. धान्य आलं तिथे उंदीर आले आणि उंदरांमागे घोणस. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत ठिबकमुळे उन्हाळ्यातही ओल राहते. छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधाला लागतात. त्यात उंदीर, सरडे, बेडूक सगळे असतात. कांद्याच्या चाळीखाली गारवा असतो. कडब्याची गंजी, मक्याच्या चिपाडांचा ढीग, उसाचं पाचट, रचून ठेवलेल्या विटा, बांधावर टाकलेले जुने पाईप या सगळ्या जागा सापाच्या दृष्टीने एकसारख्याच. अंधार आहे, गारवा आहे आणि जवळ खाणं आहे.

शिकार कशी करते

घोणस मुख्यतः रात्री हिंडते. थंडीच्या दिवसांत मात्र सकाळच्या उन्हाला बांधावर, पायवाटेवर येऊन पडते, तेव्हा दिवसाही दिसते. उंदराच्या वाटेवर ती तासन् तास न हलता पडून राहते. उंदीर टप्प्यात आला की एका झटक्यात चावते आणि लगेच सोडून देते. उंदीर थोडं पळतो आणि पडतो. मग वासाच्या मागावर जाऊन ती त्याला सावकाश गिळते. लहान पिल्लं पाली, सरडे धरतात. मोठ्या घोणसचं मुख्य खाणं उंदीर-घुशी, शिवाय बेडूक, पक्षी मिळाले तर तेही.

ज्या सापाचं पोट हलण्यावर नाही तर न हलण्यावर चालतं, तो माणूस आला म्हणून धावत सुटणार नाही. अंगावरच्या रंगावर त्याचा भरवसा असतो. वाळल्या गवतात चार फुटांवरची घोणस डोळ्याला दिसत नाही. आपण जवळ गेलो की ती आधी अंग गोळा करते, फुगते आणि तो लांबलचक फुत्कार सोडते. हा इशारा असतो. तरीही कुणी जवळ गेलं तर सुस्त वाटणारी तीच घोणस इतक्या जोरात झेपावते की अंगाचा बराच भाग जमिनीवरून उचलला जातो.

म्हणून 'सुस्त आहे, काही करत नाही' हे म्हणणं चूक, आणि 'अंगावर धावून येते' हेही चूक. घोणस पाठलाग करत नाही. दोन-तीन पावलं मागे सरून बाजूने वाट काढली की विषय संपतो.

पावसाळ्यात पिल्लं

बहुतेक साप अंडी घालतात. घोणस पिल्लं देते. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. नर-मादी साधारण हिवाळ्यात, वर्षाच्या सुरुवातीला एकत्र येतात. या दिवसांत दोन नर एकमेकांना विळखे घालून दाबताना दिसतात. लोक त्याला सापांचं मिलन समजतात, पण बऱ्याचदा ती दोन नरांची कुस्ती असते. मादी सहा महिन्यांहून जास्त काळ गाभण राहते. पिल्लं मे ते नोव्हेंबरमध्ये कधीही होतात, पण जास्त करून जून-जुलैमध्ये. एका वेळी वीस ते चाळीस पिल्लं सहज होतात, साठच्या वरही गेल्याच्या नोंदी आहेत.

पिल्लू जन्मतः वीतभर, आठ-दहा इंचांचं असतं. आई त्याला सांभाळत नाही, पहिल्या दिवसापासून ते एकटं. विषही पहिल्या दिवसापासून असतं. 'एवढंसं तर आहे' म्हणून पायाने ढकलायला किंवा बाटलीत भरायला जाऊ नये. खरिपाची पेरणी, भाताची आवणी आणि पिल्लांचा हंगाम एकाच वेळी येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एवढी पिल्लं झाली तरी मोठी थोडीच होतात. मोर, मुंगूस, घोरपड, घुबड, सर्पगरुड हे सगळे त्यांच्यावर टपलेले असतात.

विष नेमकं काय करतं

नाग आणि मण्यार यांचं विष प्रामुख्याने नसांवर काम करतं, डोळ्यांच्या पापण्या मिटतात आणि श्वास थांबतो. घोणसचं विष प्रामुख्याने रक्तावर काम करतं. आपलं रक्त गोठण्यासाठी शरीरात ठराविक घटक असतात. जखम झाली की ते कामाला लागतात आणि रक्त थांबतं. घोणसचं विष या घटकांना जखम नसताना सगळीकडे एकदम कामाला लावतं. गावातलं सगळं सिमेंट एकाच रात्री नको तिथे ओतून टाकावं आणि सकाळी बंधारा फुटला तर हातात एक गोणी नसावी, तशी गत होते. घटक संपतात आणि रक्त गोठायचं थांबतं.

मग हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येतं. दंशाच्या जागेतून रक्त झिरपत राहतं. चावल्याबरोबर जोराची आग होते आणि थोड्या वेळात सूज चढायला लागते. काहींना फोड येतात, आतलं मांस खराब होतं. पोटात दुखणं, उलट्या, चक्कर हीही लक्षणं असतात. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत घोणसच्या दंशानंतर पापण्या जड होण्याचे प्रकारही दिसतात. सगळ्यात मोठा धोका मूत्रपिंडाला. लघवी कमी होते, बंद होते. वेळेत उपचार न झालेल्या कित्येकांना डायलिसिसवर ठेवावं लागतं ते यामुळेच.

एक गोष्ट फसवी आहे. दंशानंतर पहिला तास-दोन तास माणूस चालतो, बोलतो, चहा पितो. घरचे म्हणतात, काही नाही झालं, सकाळी बघू. तोवर आत रक्ताचं पाणी होत असतं. तेच तास हाताशी असलेला सगळ्यात मोठा उपाय असतात, आणि बऱ्याचदा तेच तास घरी किंवा भगताकडे जातात. काही वेळा साप चावतो पण विष सोडत नाही. अशा वेळी मंत्राने, मुळीने उतरलं असं वाटतं आणि पुढच्या खेपेला त्याच भरवशावर जीव जातो.

हेच विष औषधशास्त्राच्या उपयोगालाही आलं. घोणसच्या विषाचा रक्त गोठण्यावरचा परिणाम इतका नेमका आहे की ते अतिशय पातळ करून रक्तातल्या काही दोषांच्या तपासणीसाठी आजही प्रयोगशाळेत वापरतात.

दंश झाला तर

१. सापापासून लांब व्हा. साप मारायला, पकडायला वेळ घालवू नका. लांबून मोबाईलवर फोटो निघाला तर ठीक, नाही निघाला तरी उपचार अडत नाहीत.

२. अंगठी, कडं, जोडवी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट जातं.

३. दोरी, रुमाल, पंचा आवळून बांधू नका. घोणसच्या दंशात तर नकोच. विष एका जागी कोंडतं, मांस सडतं आणि दोरी सोडली की एकदम अंगभर जातं.

४. ब्लेड मारू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, कसला पाला किंवा चुना लावू नका. ज्याचं रक्त गोठत नाही त्याला ब्लेड मारणं म्हणजे पाण्याची मोट फोडण्यासारखं आहे.

५. पाय किंवा हात हलू देऊ नका. फळी किंवा काठी लावून सैल बांधा. रुग्णाला चालवू नका, पळवू नका.

६. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवा.

७. निघतानाच जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा. दंशाची वेळ लिहून ठेवा. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारा, म्हणजे सूज किती चढली ते डॉक्टरांना कळतं.

८. दुखतं म्हणून घरातली ॲस्पिरीन किंवा तशा वेदनाशामक गोळ्या देऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

दवाखान्यात काय होतं

घोणसचा संशय असला की डॉक्टर एक साधी तपासणी करतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरकी करतात. रक्त गोठलेलं नसेल, पातळच असेल, तर विष चढलं आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, लाईट लागत नाही, आदिवासी पाड्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती होते.

मग सर्पदंशाची लस शिरेतून सलाईनमध्ये देतात. आपल्याकडे मिळणारी लस चारही मोठ्या विषारी सापांवर चालते, म्हणून कोणता साप होता हे सांगता आलं नाही तरी उपचार सुरू होतात. सुरुवातीला सहसा दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस देतात, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. सहा तासांनी पुन्हा रक्त तपासतात, गोठत नसेल तर पुन्हा लस. काहींना लसीची रिॲक्शन येते, खाज सुटते, दम लागतो. त्यावरचं इंजेक्शन डॉक्टर हाताशी ठेवतात. रिॲक्शनच्या भीतीने लस नाकारू नये.

बरं वाटलं म्हणून लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये. किमान चोवीस तास देखरेख लागते. घरी आल्यावरही पुढचे काही दिवस लघवी किती होते, तिचा रंग कसा आहे इकडे लक्ष ठेवावं. कमी झाली तर थेट मोठ्या रुग्णालयात. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते.

लस येते कुठून

घोणसचं विष उतरवायला घोणसचंच विष लागतं. सापाचं विष काढून ते अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिकारक घटक तयार होतात, ते वेगळे करून लस बनवतात. महाराष्ट्रात मुंबईतल्या परळच्या हाफकिनचं नाव या कामाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेलं आहे. देशातल्या लसीसाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही संस्था १९७८ मध्ये उभी राहिली. पूर्वी कातड्यासाठी साप मारणारे हात आता विष काढून साप परत रानात सोडतात.

यात एक अडचण आहे. घोणसच्या विषाची घडण प्रदेशानुसार बदलते, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांच्या कामातून दिसलं आहे. दक्षिणेतल्या सापाच्या विषावर बनलेली लस सगळीकडे सारखीच चालेल असं नाही. म्हणून त्या त्या भागातल्या सापांचं विष वापरून लस बनवावी, ही मागणी होत आहे. तोवर आहे ती लस हाच एकमेव उपाय आहे आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं काम करते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक माणसं खेड्यातली. साप कोणता ते कळलेल्या दंशांमध्ये घोणसचा वाटा सगळ्यात मोठा, शंभरात त्रेचाळीस निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे.

शेतात घ्यायची काळजी

बॅटरी आणि गमबूट, या दोन वस्तू पहिल्या. शेतीची लाईट चक्राकार पद्धतीने रात्री येते तिथे दारे धरायला जाणं चुकत नाही. काही फीडरवर सौर वाहिनीमुळे दिवसा लाईट मिळू लागली आहे, पण सगळीकडे नाही. रात्री जावंच लागलं तर घोटा आणि पोटरी झाकणारे बूट घाला, बॅटरीचा उजेड पुढच्या पावलावर ठेवा आणि मोबाईलवर गाणी लावून जाऊ नका. घोणसचा आवाज कानाला ऐकू आला पाहिजे.

गवत कापणी, सोयाबीन सोंगणी, मका खुडणी या कामांत हात आधी जातो. विळा चालवण्याआधी काठीने गवत हलवून घ्या. गंजीतून पेंढी ओढताना, काड्यांचा ढीग उचलताना, चाळीतला कांदा काढताना हात घालण्याआधी काठी घाला. उसात, मक्यात काम करताना दोघं असले तर चांगलं.

छाटणीच्या काड्या, चिपाडं, जुने पाईप, विटा घराजवळ किंवा रोजच्या वाटेवर साठवू नका. बांधावरची पायवाट स्वच्छ ठेवा. घराभोवती उंदीर राहणार नाहीत असं बघा, उंदीर कमी तर साप कमी. वस्तीवर उघड्यावर झोपणाऱ्यांनी खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. ही काळजी घोणसपेक्षा मण्यारीसाठी जास्त गरजेची.

मारावी का

घोणसला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. मारणं, पकडणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब शेतकऱ्याच्या बाजूचाच आहे. एक घोणस वर्षभर बांधावर बसून उंदीर खाते, त्याची मजुरी मागत नाही. शिवाय दंशाच्या कितीतरी घटना साप मारायला किंवा पकडायला गेल्यावरच होतात. मेलेल्या सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं.

घरात, गोठ्यात निघाली तर लांबून नजर ठेवा, लेकरं आणि जनावरं बाजूला करा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा माहितीतल्या प्रशिक्षित सर्पमित्राला कळवा. रानात, बांधावर दिसली तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

मदतीची योजना

सर्पदंशाने शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या पात्र व्यक्तीचा मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. हात, पाय किंवा डोळा गमावला तर अपंगत्वाप्रमाणे मदत आहे. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा. दवाखान्यातले केसपेपर, डॉक्टरांचा दाखला, सातबारा नीट जपून ठेवावा आणि अर्जाला उशीर करू नये. भगताकडे किंवा घरीच माणूस गेला तर दंशाची नोंद कुठेच राहत नाही आणि मागे राहिलेल्यांना हक्काची मदत मिळवणंही अवघड होतं.

घोणस आपली जागा सोडत नाही, हे बदलणार नाही. बदलायचं ते आपल्या हातात आहे. पायात बूट, हातात बॅटरी, कान उघडे, आणि दंश झालाच तर पहिल्या तासात गाडीचं तोंड दवाखान्याकडे.